घड्याळ किती सालचं?

बँकेतल्या नोकरीची चार वर्षं उरली होती तेव्हा, २००९ साली, मी आयुष्यातलं पहिलं रोलेक्स घेतलं. जुनंच. डेटजस्ट, स्टीलचं, वर पांढऱ्या सोन्याची दातेरी कड. निवृत्तीनंतर हा नाद वाढला. पुण्याच्या जुन्या बाजारातून, ओळखीपाळखीतून, कुणाच्या आजोबांच्या कपाटातून आलेली शंभर-दीडशे घड्याळं माझ्या टेबलावरून गेली असतील. त्यातली बहुतेक माझी नव्हतीच. "जरा बघून सांगा ना, किती सालचं असेल?" असं म्हणत लोक येतात, चहा घेतात, आणि मी भिंग डोळ्याला लावतो. या उद्योगात जे शिकलो, त्यातलं निम्मं पैसे घालवून शिकलो. तेच मांडतो.

१. पुरावा खरा होता, तरी फसलो

डेटजस्ट विकणारा गृहस्थ म्हणाला, "साहेब, २००० सालचं आहे." मी बँकेतला माणूस, कागद मागायची सवय. कशावरून, विचारलं. त्याने चेनचं लॉक उघडून आतल्या पत्र्यावर ठोकलेली दोन अक्षरं दाखवली, 'एबी'. खिशातून छापील तक्ता काढला. एबी म्हणजे २०००. तक्ता बरोबर होता, अक्षरंही अस्सल होती. मी २००० सालच्या घड्याळाचे पैसे मोजले.

त्याच आठवड्यात गावी वाईला गेलो. भारनियमनाचे दिवस. रात्री दिवे गेले आणि मनगटावर बारीक हिरव्या रेघा उजळल्या. बायकोला म्हटलं, "बघ, याला म्हणतात माल." पहाटे तीनला जाग आली तेव्हाही काटे दिसत होते.

पुण्यात परतल्यावर ऑईलिंगसाठी लक्ष्मी रोडजवळच्या बोळातल्या आप्पांकडे गेलो. आप्पा घड्याळजी, पंचाऐंशीला टेकलेले, पण हात स्थिर. त्यांनी काही न बोलता चेनची पिन दाबली, चेन बाजूला केली, लाकडी काडीने मधला मळ काढला आणि भिंगातून बघत म्हणाले, "एक्स. एक्क्याण्णवचं."

मी म्हटलं, लॉकवर तर २००० आहे.

"लॉक २००० चंच आहे साहेब. घड्याळ नाही." मग विचारलं, "रात्री चमकतं का?"

"लख्ख!"

"तेच तर."

त्या 'तेच तर'चा अर्थ पुढे तिसऱ्या मुद्द्यात येईल. इथे एवढंच की त्या विक्रेत्याने मला खोटी वस्तू दाखवली नाही. घड्याळाचा एक भाग दाखवला आणि सगळं घड्याळ त्या वयाचं आहे असं मला समजू दिलं. तेव्हापासून मी 'हे घड्याळ किती सालचं' असं विचारत नाही. केस किती सालची, मशीन किती सालचं, डायल, काटे, काच, चेन किती सालची, असे सहा प्रश्न विचारतो.

२. चेन काढल्याशिवाय तोंड उघडू नये

जुन्या रोलेक्सचा क्रमांक कुठे असतो? चेन जिथे केसला जोडली जाते तिथे, दोन पायांच्या मधल्या बाजूला. सहाच्या बाजूला घड्याळाचा स्वतःचा क्रमांक, बाराच्या बाजूला मॉडेलचा. २००५ च्या सुमारास काचेच्या आतल्या कड्यावरही क्रमांक कोरायला लागले आणि दोन-तीन वर्षांत तो तिथेच राहिला. म्हणजे नव्या घड्याळाचा क्रमांक चेन न काढता वाचता येतो, जुन्याचा येत नाही. दुकानात 'चेन काढून दाखवा' म्हटलं की कोणाचा चेहरा पडतो आणि कोण लगेच पिन दाबायचं हत्यार शोधतं, हे पाहण्यासारखं असतं.

क्रमांक आधी नुसते आकडे होते. १९८७ मध्ये पुढे अक्षर आलं: आर, मग एल, ई, एक्स. कंपनीच्या नावातलीच अक्षरं. फक्त 'ओ' गाळला. शून्याशी घोटाळा होतो म्हणून गाळला असावा, हा माझा तर्क. एक्स म्हणजे १९९१. पुढे एन, सी, एस असं चालत चालत २०१० च्या सुमारास अक्षरांची माळ संपली आणि आकडे-अक्षरांची सरमिसळ सुरू झाली. त्या मिसळीतून साल निघत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, हे तक्ते कंपनीने दिलेले नाहीत. हजारो घड्याळं आणि त्यांच्या पावत्या ताडून संग्राहकांनी ते बसवले आहेत. त्यामुळे '१९९१' ऐवजी '१९९१ च्या आसपास' म्हणावं. दुसरी, लॉकवरची अक्षरं आणि केसवरची अक्षरं यांचा एकमेकांशी संबंध नाही. लॉकवर ए म्हणजे १९७६. केसच्या क्रमांकापुढे ए म्हणजे १९९८-९९. हे तक्ते एकमेकांत मिसळून मी स्वतः एकदा एका मित्राच्या घड्याळाचं वय बावीस वर्षांनी चुकवलं आहे. मित्र अजून आठवण करून देतो.

आणि आपल्याकडचा घाम. मुंबई-कोकणात वापरलेल्या घड्याळात त्या फटीत घाम आणि मळ साचून स्टीलला खड्डे पडतात, आकडे खाल्ले जातात. अर्धा क्रमांक वाचून उरलेला अंदाजाने भरू नये. वाचता आला नाही तर 'वाचता आला नाही' असंच लिहावं.

३. सहाच्या खालची बारीक अक्षरं

आता 'तेच तर'बद्दल. काट्यांवर आणि खुणांवर चमकणारा जो लेप असतो, तो घड्याळाचं वय सांगणारा माझा सगळ्यात आवडता साक्षीदार. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तो रेडियमचा असे. मग ट्रिटियम आलं. ट्रिटियमच्या डायलवर अगदी तळाशी, सहाच्या खाली, 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना 'टी' किंवा 'टी' आणि २५ चा आकडा असे. १९९८ च्या सुमारास ट्रिटियम गेलं, उजेड पिऊन रात्री सोडणारा, किरणोत्सर्गी नसलेला लेप आला. रोलेक्सच्या डायलवर काही काळ नुसतं 'स्विस' आणि मग 'स्विस मेड' छापू लागले.

ट्रिटियमचं अर्धं आयुष्य १२.३ वर्षं. १९९१ च्या घड्याळात २००९ मध्ये तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच ट्रिटियम उरलेलं असणार, आणि चमकणारं रसायनही थकलेलं. बॅटरीचा झोत मारला तर असं डायल क्षणभर उजळतं आणि मिटतं. पहाटे तीनला ते दिसत नाही. माझं दिसलं. म्हणजे डायल आणि काटे मागाहून बसवलेले. आप्पांनी भिंग माझ्या हातात दिलं. तळाशी स्पष्ट छापलं होतं, 'स्विस मेड'. वाईच्या अंधारात मी ज्या उजेडावर खूश झालो होतो, तोच उजेड सांगत होता की डायल या केसमधलं नव्हे.

यात लबाडी असतेच असं नाही. कंपनीकडे सर्व्हिसिंगला दिलेल्या घड्याळाचं जुनं डायल बदलून नवं घालण्याची पद्धत होती आणि बहुतेक गिऱ्हाइकांना ते हवंच असे. जुन्या ट्रिटियमचा रंग हळूहळू खरवसासारखा होतो. आज संग्राहक त्या रंगासाठी जादा मोजतात. तेव्हाच्या मालकाला तो डाग वाटायचा.

नुसतं 'स्विस' दिसलं तर घाई करू नये. ते रेडियमच्या काळातही छापत आणि १९९८-९९ च्या सुमारासही. एकाच शब्दात चाळीस वर्षांचा फरक! बाकीचं घड्याळ बघूनच तो सोडवता येतो.

रेडियमबद्दल मात्र चेष्टा नको. रेडियमचं अर्धं आयुष्य सुमारे १६०० वर्षं. डायल रात्री चमकत नाही म्हणून रेडियम संपलं असं होत नाही; चमकणारं रसायन मेलेलं असतं, रेडियम तसंच्या तसं असतं. अशा घड्याळाचं झाकण घरी उघडायचं नाही, पावडर खरवडायची नाही, फुंकर तर मुळीच मारायची नाही.

४. काकूंचं ओमेगा

शेजारच्या काकू ब्याऐंशीच्या. काका गेल्यावर वर्षभराने त्यांचं ओमेगा घेऊन आल्या. म्हणाल्या, "अरे, माझ्या बाबांनी ह्यांना लग्नात दिलेलं. अठ्ठावन्न सालचं. नातवाला द्यायचंय, तर तू एकदा बघून ठेव."

त्या काळच्या ओमेगाचा क्रमांक केसवर नसतो, आत मशीनवर कोरलेला असतो. झाकण उघडलं. तांबूस सोनेरी मशीन, सुरेख, आणि क्रमांक दोन कोटींच्या थोडा पुढचा. संग्राहकांच्या तक्त्यात दोन कोटी म्हणजे १९६३ च्या आसपास. मशीन बदललेलं असू शकतं म्हणून झाकणाच्या आत पाहिलं. तिथे १३५ ने सुरू होणारा सहा आकडी मॉडेल क्रमांक. ही सहा आकडी पद्धत ओमेगाने १९६२ च्या सुमारास सुरू केली. मशीन आणि केस दोघं एकच सांगत होते.

मी काकूंना काय सांगावं याचा विचार करत चहाचा कप फिरवत बसलो. त्यांनीच ओळखलं.

"अठ्ठावन्नचं नाही ना?"

"त्रेसष्टच्या पुढचं आहे, काकू."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "म्हणजे बाबांनी दिलेलं ह्यांनी हरवलं! आणि दुसरं आणून गुपचूप हातावर चढवलं. तरीच एकदा महिनाभर म्हणत होते, दुरुस्तीला टाकलंय."

घरातली गोष्ट आणि घड्याळातला आकडा जुळला नाही, तर मी आधी आकडा पुन्हा तपासतो. मग गप्प बसतो. समोरचा विचारेल तेव्हाच सांगतो.

५. झाकणाच्या आत सुईने खरडलेलं

जुने घड्याळजी दुरुस्ती केली की झाकणाच्या आत सुईने बारीक नोंद खरडत: तारीख, कामाचा नंबर, कधी स्वतःची खूण. डोळ्यांना दिसत नाही. झाकण तिरपं धरून उजेड सरकवला की उमटतं. एका झाकणावर मी सात नोंदी मोजल्या आहेत, सगळ्यात जुनी ७४ सालची.

याचं मोल वेगळं आहे. क्रमांक, लेप, मॉडेल हे सगळे सांगतात की घड्याळ 'याच्या आधीचं नाही'. खरडलेली तारीख सांगते 'याच्या नंतरचं नाही'. दोन्हीकडून दोरी आवळली की साल मध्ये सापडतं. १९५० च्या दशकापासून १९७० च्या सुरुवातीपर्यंतच्या कित्येक रोलेक्सच्या झाकणात तर कंपनीनेच तिमाही आणि साल ठोकलेलं असतं: रोमन तीन आणि पुढे ६२ दिसलं की १९६२ ची तिसरी तिमाही. अर्थात ते झाकणाचं वय. झाकणंही अदलाबदल होतात.

बाहेरच्या बाजूला कोरलेला मजकूर, 'सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम भेट' आणि पुढे तारीख, हाही 'याच्या नंतरचं नाही'मध्येच टाकायचा. भेटीचं घड्याळ दुकानात चार वर्षं पडून असू शकतं.

६. सेको: महिना कळतो, दशक कळत नाही

सेको ही काही सगळ्यांच्या लेखी 'लक्झरी' नाही, पण शिकायला तिच्यासारखी शाळा नाही. मागच्या क्रमांकाचा पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला ओ, एन, डी. क्रमांक ६६ ने सुरू झाला तर जून, पण ६६, ७६ की ८६ चा? मशीन विचारायचं. ६१३९ हे क्रोनोग्राफ मशीन आलंच १९६९ मध्ये आणि सत्तरचं दशक संपता संपता बंद झालं. म्हणून जून १९७६. झालं.

७. डायलला कल्हई

जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणून नाक मुरडतात तो प्रकार आपल्या अंगणातला. चोर बाजारात आणि इतरत्र मिळणारं फाव्र-ल्यूबा, एचएमटी किंवा सेको. केस घासून गुळगुळीत, मशीन तीन घड्याळांतून जमवलेलं आणि डायल भगव्या नाहीतर मोरपिशी रंगात नव्याने छापलेलं. फाव्र-ल्यूबाचा मुंबईशी संबंध १८६५ पासूनचा, त्यामुळे त्यांचा माल आपल्याकडे भरपूर, आणि रीडायलही भरपूर.

मला हा तुच्छतेचा सूर पूर्ण पटत नाही. दमट हवेने डायल काळं पडलं की लोक ते रीडायलला देत, जशी भांडी कल्हईला देत. वस्तू रोज वापरायची होती. तिचं मूळ रूप जपायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पण वय काढताना रीडायल म्हणजे कोरी पाटी. तिच्यावरचं काहीच पुराव्यात धरायचं नाही.

ओळखायचं कसं? भिंगाखाली मूळ छपाईची शाई किंचित उठावदार आणि कड धारदार असते; रीडायलची पसरलेली, कडेला दातेरी. मिनिटांच्या रेघा बसवलेल्या खुणांच्या मध्यावर येत नाहीत. सेकंदाच्या छोट्या चकतीवरच्या रेघा असमान. आणि तळाचं 'स्विस मेड' एकतर गायब नाहीतर काचेच्या कडेखाली अर्धं दडलेलं. मी एकदा कंपनीच्या नावातच एक अक्षर कमी असलेलं डायल विकत घेतलं आहे. घरी आल्यावर मुलीने वाचून दाखवलं.

८. चावी ओढून बघा

कोणी १९७० चं डेटजस्ट म्हणून पुढे केलं तर चावी मधल्या टप्प्यापर्यंत ओढून फिरवा. तारीख पटापट बदलली तर मशीन १९७० चं नाही. ही सोय डेटजस्टमध्ये १९७७ ला आली. त्याआधीच्या घड्याळात तारीख पुढे न्यायची तर काटे बारा ओलांडून फिरवत बसावं लागतं. तपासणीला दहा सेकंद, खर्च शून्य.

९. सोन्यावरचं कुत्रं

सोन्याच्या स्विस केसवर एक बारीक शिक्का असतो. १९९५ पर्यंत अठरा कॅरेटला स्त्रीचं मस्तक, चौदाला खार. १ ऑगस्ट १९९५ पासून सगळ्यांना सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याचं तोंड. ऐंशी सालच्या म्हणवल्या जाणाऱ्या केसवर कुत्रं निघालं तर पुढचं बोलणं आटोपतं घ्यावं.

१०. कागद बोलतात, पण कशाबद्दल?

हमीपत्रावरची तारीख विक्रीची असते, बनवण्याची नव्हे. दोन्हींत वर्ष-दोन वर्षं सहज जातात. महागडं सोन्याचं मॉडेल असेल तर जास्तही. पाटेक फिलिपकडून मिळणाऱ्या उताऱ्यात म्हणूनच दोन तारखा असतात, बनल्याची आणि विकल्याची. लाँजिनच्या सेंट इमिए इथल्या दप्तरात १८६७ पासूनच्या नोंदी आहेत. एका खिशातल्या घड्याळाचा क्रमांक मी त्यांना कळवला, तर काही आठवड्यांनी उत्तर आलं: अमुक दिवशी मुंबईच्या आयातदाराच्या नावे बिल केलं. ज्याच्या पणजोबांचं घड्याळ होतं त्याने ते पत्र फ्रेम केलं. घड्याळ ड्रॉवरमध्येच आहे. रोलेक्स असा उतारा देत नाही.

आणि दप्तर खरं असलं तरी त्यातल्या क्रमांकाभोवती घड्याळ रचता येतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात एक जुनं ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेलं. घेणारी होती खुद्द ओमेगा, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच सांगितलं की ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जमवून उभं केलेलं होतं आणि त्यात कंपनीचे माजी कर्मचारी गुंतले होते. हे वाचल्यावर माझ्या एबी लॉकचं दुःख बरंच हलकं झालं.

११. चिठ्ठी

माझ्या डेटजस्टची काच आप्पांनी शेवटी बघितली. सहाच्या खाली, काचेतच, लेझरने ठिपक्यांचा बारीक मुकुट. तो २००२ च्या सुमारास यायला लागला. म्हणजे ज्याला मी २००० सालचं समजत होतो, त्यात २००० ची वस्तू एकच होती, ते लॉक.

दोन वर्षांपूर्वी मी ते विकायला काढलं. डबीत चिठ्ठी लिहून ठेवली: 'केस १९९१. मशीन त्याच काळातलं. डायल व काटे १९९८ नंतरचे. लॉक २०००. काच २००२ नंतरची. ऑईलिंग दर चार वर्षांनी, शेवटचं गेल्या दिवाळीत.' नाशिकचा एक तरुण आला. चिठ्ठी दोनदा वाचली, मान डोलावली, म्हणाला, "काका, इतकं स्वच्छ कोणी लिहून देत नाही." आणि त्या स्वच्छपणाचा आधार घेऊन वीस हजार कमी केले. मी दिले.

तीन महिन्यांनी एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते घड्याळ पुन्हा दिसलं. केसच्या एका पायावरचा ओरखडा मी डोळे मिटूनही ओळखेन. खाली लिहिलं होतं, 'डेटजस्ट, २००० सालचं, सगळं ओरिजिनल', आणि पुराव्यादाखल लॉकचा जवळून काढलेला फोटो. एबी अगदी स्पष्ट दिसत होतं.